जिच्या लग्नात मुंबई आंदण गेली

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी सगळ्यांनी मिळून इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यावरची एक मालिका पाहिली. आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या, त्यांतली पहिली कॅथरीन. माझ्या मुलीनं विचारलं, "आई, हीच ना ती, जिच्या लग्नात मुंबई आंदण दिली?" मी 'हो' म्हणून मोकळी झाले, पण नंतर शंका आली. ती हीच का? आणि लग्नानंतर तिचं पुढे काय झालं? शाळेत ते कधी कोणी सांगितल्याचं आठवत नाही. (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : ती ही नव्हे. पण तुमच्या मुलीची गफलत समजण्यासारखी आहे. दोघींचं नाव कॅथरीन. एक स्पेनची, एक पोर्तुगालची, म्हणजे माहेरं शेजारशेजारची. दोघी कट्टर कॅथलिक. दोघींच्या आंदणावरून व्याह्यांमध्ये वर्षानुवर्षं वाजलं आणि दोघींच्याही पदरात गादीवर बसणारा मुलगा पडला नाही. एक १५०९ मध्ये राणी झाली, दुसरी १६६२ मध्ये. मध्ये दीडशे वर्षं गेली आणि ट्यूडर घराणं संपून स्टुअर्ट घराणं आलं. मुंबई आंदण गेली ती दुसरीच्या लग्नात. तरीही मी पहिलीपासून सुरुवात करतो, कारण इंग्लंडच्या दरबारात राजाची राणी असणं म्हणजे काय, हे पहिलीच्या आयुष्यातून जास्त नीट कळतं.

पहिली कॅथरीन अ‍ॅरागॉनची, जन्म १४८५. कोलंबसला समुद्रावर धाडणाऱ्या फर्डिनंड आणि इसाबेला यांची ही धाकटी लेक. पंधरा वर्षांची असताना, नोव्हेंबर १५०१ मध्ये, तिचं लग्न झालं ते हेन्रीशी नव्हे, त्याच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी. पाच महिन्यांत, २ एप्रिल १५०२ रोजी, आर्थर वारला. आंदणाची रक्कम ठरली होती दोन लाख क्राउन आणि त्यातली निम्मीच पोचती झाली होती. सासरा सातवा हेन्री म्हणे उरलेली द्या. बाप फर्डिनंड म्हणे मुलगाच राहिला नाही, तर दिलेली परत करा. सोळा वर्षांची विधवा लंडनमध्ये या दोघांच्या मध्ये अडकली, ती तब्बल सात वर्षं. माहेरून आलेली माणसं सांभाळायला हाती पैसा नाही, म्हणून तिनं आपली चांदीची भांडी मोडली. १५०७ मध्ये बापानं तिलाच इंग्लंडमधली आपली वकील नेमलं. युरोपातली पहिली स्त्री राजदूत म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. त्या नेमणुकीमागे मुलीचा सन्मान किती आणि दुसरा वकील ठेवण्याचा खर्च वाचवणं किती, ते फर्डिनंडच जाणे.

११ जून १५०९ रोजी, नुकत्याच गादीवर आलेल्या आठव्या हेन्रीनं, म्हणजे तिच्या धाकट्या दिरानं, तिच्याशी लग्न केलं. तेरा दिवसांनी दोघांचा एकत्र राज्याभिषेक झाला.

तुमच्या मालिकेत राणी बहुतेक वेळ खिडकीशी उभी राहून सुस्कारे टाकताना दिसली असेल. प्रत्यक्षात राजाची राणी हे एक मोठं खातं होतं. तिचा वाडा राजापासून वेगळा चाले. तिचा स्वतःचा कारभारी, खजिनदार, पागेचा मुख्य, धर्मगुरू, वैद्य, शिंपी, स्वयंपाकी असे लोक असत. शिवाय सरदारघराण्यांतल्या बायका आणि लग्नाच्या मुली तिच्या तैनातीला असत. या सगळ्याचा खर्च तिला नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून निघे आणि ती गावं तिचे अधिकारी पाहत. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची चीजवस्तू नवऱ्याची होऊन जाई, पण राजाची राणी याला अपवाद होती. ती स्वतःच्या नावावर जमीन ठेवू शके, देऊ शके, दावा लावू शके. आपल्या धर्मशास्त्रांत स्त्रीधन म्हणून जो विचार आहे, त्याच्या जवळ जाणारी ही सोय होती, मात्र अख्ख्या देशात एकाच बाईपुरती.

हेन्री १५१३ मध्ये फ्रान्सवर चालून गेला तेव्हा राज्य त्यानं हिच्यावर सोपवलं. त्याच काळात स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स चालून आला. कॅथरीननं फौज उभी केली, पाठवली, आणि ९ सप्टेंबरला फ्लॉडनच्या लढाईत जेम्स मारला गेला. हेन्रीनं फ्रान्समध्ये जे जिंकलं, त्याहून हा विजय मोठा होता. तरीही नवऱ्याचे सदरे ती आपल्या हातानं शिवत असे. पुढे हेन्री अ‍ॅन बोलीनमध्ये गुंतला, तरी सदरे हिच्याकडेच येत होते आणि त्यावरून अ‍ॅननं थयथयाट केला, अशी नोंद आहे.

पण राणीचं मुख्य काम एकच मानलं जाई, ते म्हणजे मुलगा देणं. १ जानेवारी १५११ रोजी मुलगा झाला आणि ५२ दिवसांनी गेला. बाकीची बाळंतपणंही अशीच संपली. जगली ती एक मुलगी, १५१६ ची मेरी. भावाच्या बायकोशी लग्न केलं म्हणून देव कोपला, असं हेन्रीनं मनावर घेतलं. रोमचे पोप लग्न रद्द करीनात, तेव्हा त्यानं रोमशीच संबंध तोडायला घेतले. १५२९ मध्ये न्यायालयात कॅथरीन त्याच्या पायाशी गुडघे टेकून बोलली आणि मग उठून निघून गेली. परत बोलावलं तरी वळली नाही. १५३३ मध्ये लग्न रद्द ठरलं. तिला 'आर्थरची विधवा' म्हणायचं असा हुकूम निघाला, पण तिनं तो मरेपर्यंत मानला नाही. ७ जानेवारी १५३६ रोजी किंबोल्टनच्या गढीत ती गेली. आई-मुलीची भेट अखेरची काही वर्षं होऊ दिली नव्हती. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वांत क्रूर वाटतं.

आता तुमच्या मुलीची कॅथरीन.

ही ब्रगांझा घराण्यातली. जन्म २५ नोव्हेंबर १६३८, पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा गावी. पोर्तुगाल तेव्हा साठ वर्षं स्पेनच्या ताब्यात होता. ती दोन वर्षांची असताना, डिसेंबर १६४० मध्ये, तिथल्या सरदारांनी बंड करून तिच्या वडिलांना, चौथ्या जॉनला, राजा केलं. स्पेननं ते मान्य केलं नाही आणि लढाई पुढे अठ्ठावीस वर्षं चालली. त्यात पूर्वेकडे डच पोर्तुगीजांची एकेक ठाणी गिळत होते. पोर्तुगालला दर्यावर ताकद असलेला मित्र हवा होता, कर्जात बुडालेल्या इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला, पैसा हवा होता. २३ जून १६६१ रोजी चार्ल्स आणि कॅथरीनच्या लग्नाचा तह झाला. पोर्तुगालनं द्यायचं ते असं : वीस लाख क्रुझादो रोख, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर, ब्राझील आणि हिंदुस्थानात व्यापाराच्या सवलती, आणि मुंबईचं बेट नि बंदर. इंग्लंडनं द्यायचं ते सैन्य, जहाजं आणि राणीला वर्षाला तीस हजार पौंडांची नेमणूक. मुंबई द्यायची ती मुळात यासाठी, की इंग्रजांनी तिथं तळ ठेवून डचांपासून पोर्तुगीजांचा बचाव करावा. हे आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. आपल्याला वाटतं, लाडक्या लेकीला बापानं सढळ हातानं बेट दिलं. बाप १६५६ मध्येच वारला होता. सौदा केला तो आईनं, लुइसा दे गुझमाननं, आणि राज्य वाचवण्यासाठी केला.

१६६२ च्या मे महिन्यात कॅथरीन पोर्टस्मथला उतरली. वय तेवीस. इंग्रजी येत नव्हतं आणि नवऱ्याला पोर्तुगीज येत नव्हतं, म्हणून दोघं स्पॅनिशमध्ये बोलत, म्हणजे तिच्या माहेरच्या शत्रूच्या भाषेत. उतरल्यावर तिनं चहा मागितला आणि तो नव्हता म्हणून तिच्यापुढे बिअरसारखं पेय आणलं, असं सांगतात. चहा इंग्लंडला तिनंच नेला ही समजूत मात्र खरी नाही. लंडनच्या कॉफीघरांत तो तिच्याआधी मिळत होता. पण दरबारी बायकांनी रोज चहा घ्यायचा ही चाल तिच्यामुळे पडली, हे खरं. माहेरी ती त्याला 'शा' म्हणत असणार, कारण चहाचा पोर्तुगीज शब्द तोच. आपल्या 'चहा'चा तो चुलतभाऊच.

२१ मे रोजी लग्न लागलं, आधी बंद दाराआड कॅथलिक रीतीनं आणि मग चारचौघांत इंग्लंडच्या चर्चच्या रीतीनं. आंदणाची रोख रक्कम पुरी आलीच नव्हती. निम्म्याची सोय झाली होती आणि तीही बरीचशी साखर नि इतर मालाच्या रूपानं. हुंड्यातली साखर जहाजातून उतरवून घेणारा नवरा आणि त्याच जहाजातून आलेली नवरी, हे चित्र मला कधी विसरता आलेलं नाही.

मधुचंद्र हॅम्पटन कोर्टला होता. हा वाडा आठव्या हेन्रीचा, पहिल्या कॅथरीनच्या दुःखाचा साक्षी. चार्ल्सची बाहेरची बाई, बार्बरा पामर, त्याच सुमाराला त्याच्या मुलाची आई झाली. आणि चार्ल्सनं हट्ट धरला, की बार्बराला राणीच्या अंतःपुरातली मानकरीण नेमायचं. राणीच्या खासगी दालनात कोण असावं हे राणीनं ठरवायचं, एवढा तरी मान तिला हवा होता. नेमणुकीच्या यादीत बार्बराचं नाव दिसताच तिनं ते खोडलं. मग एक दिवस दरबारात चार्ल्सनं हात धरून एका बाईला पुढे आणलं. कॅथरीननं आधी हसून स्वागत केलं, आणि कोणीतरी ती कोण हे कानात सांगताच तिचे डोळे भरले, नाकातून रक्त वाहायला लागलं आणि ती बेशुद्ध होऊन पडली. चार्ल्स नरमला नाही. त्यानं तिच्याबरोबर आलेली पोर्तुगीज माणसं जवळजवळ सगळी परत पाठवली. परक्या देशात, परक्या भाषेत, एकटी. काही आठवड्यांनी तिनं हार मानली आणि बार्बराशी चारचौघांत बोलायला लागली. तिच्या बाजूचे लोकसुद्धा तेव्हा तिला दुबळी म्हणाले. मला तसं वाटत नाही. पहिल्या कॅथरीनच्या पाठीशी स्पेनचं साम्राज्य होतं. हिच्या माहेराचा जीव इंग्रजी सैन्याच्या भरवशावर होता. ही रागावून परत गेली असती, तर तिथली आघाडी कोसळली असती. हे तिला कळत होतं.

१६६३ मध्ये ती मरणाच्या दारात जाऊन आली. तापाच्या भरात ती आपल्याला मूल झाल्याचं बोलत होती आणि मुलगा दिसायला बरा नाही याची खंत करत होती. चार्ल्स उशाशी होता. तो म्हणाला, नाही, मुलगा छान आहे. सॅम्युएल पेप्सनं आपल्या रोजनिशीत हे टिपून ठेवलं आहे. पुढच्या वर्षांत गर्भ राहिले आणि पडले, मूल झालं नाही. चार्ल्सला इतर बायकांपासून डझनावर मुलं झाली आणि ती त्यानं आपली म्हणून जाहीरही केली.

इथं तुमच्या मालिकेतल्या हेन्रीची आठवण काढा. वारस नाही, राणी परदेशी, कॅथलिक आणि लोकांच्या डोळ्यांत सलणारी. मंत्री सांगत होते, सोडचिठ्ठी द्या, दुसरं लग्न करा. चार्ल्सनं ऐकलं नाही. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या थापाड्यानं कॅथलिकांच्या कटाची आवई उठवली आणि राणी राजाला विष घालणार असा आरोप थेट संसदेत केला. निरपराध माणसं फासावर जात होती. पहिल्या कॅथरीननंतरच्या एका राणीचं डोकं अशाच आरोपांवर उडालं होतं. चार्ल्सनं ओट्सची स्वतः उलटतपासणी घेतली, त्याला खोटं पाडलं आणि राणीला जवळ ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी तिच्या वैद्यावर विषप्रयोगाचा खटला चालला, त्यातून तो निर्दोष सुटला. चार्ल्स नवरा म्हणून वाईट होता, पण या एका जागी तो हलला नाही. माझ्या हिशेबी ते मोठं आहे. तिनं सोसलेलं मात्र त्यानं फिटत नाही.

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स मृत्युशय्येवर होता. ती स्वतः इतकी खचली होती, की तिनं निरोप धाडला : आपलं काही चुकलं असेल तर क्षमा करा. त्यावर तो म्हणाला, क्षमा मी मागायची, तिनं नव्हे. कॅथलिक असल्यामुळे तिचा राज्याभिषेक कधी झालाच नव्हता. तेवीस वर्षं ती मुकुटाविना राणी होती.

१६९२ मध्ये तिनं इंग्लंड सोडलं. माहेरी गेल्यावर तिचं खरं रूप दिसलं. भाऊ दुसरा पेद्रू आजारी पडला तेव्हा १७०४-०५ मध्ये राज्यकारभार तिच्या हाती आला, तोही स्पेनशी युद्ध चालू असताना, आणि तिनं तो नीट चालवला. इंग्लंडनं तीस वर्षं जिला दारामागे ठेवलं, ती राज्य करू शकत होती. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बनमध्ये ती गेली. मुंबई तिनं कधी पाहिली नाही.

प्रश्न : लग्नात गाव, किल्ला आंदण द्यायची पद्धत आपल्याकडच्या राजघराण्यांत होती का? की ही युरोपचीच चाल? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : होती, आणि त्यावरून लढायाही झाल्या. सोलापूरचा किल्ला घ्या. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माइल आदिलशहाच्या बहिणीचं, मरियमचं, लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूर आंदणात मिळणार, असं निजामशाही समजून चालली होती. किल्ला मिळाला नाही आणि दोन व्याही रणांगणात भेटले. चाळीस वर्षांनी चक्र फिरलं. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकजूट करायची होती. तोवर सोलापूर निजामशहाकडे आलं होतं. हुसेन निजामशहानं आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्लाही दिला. त्या एकजुटीनं जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई जिंकली. ही मुलगी म्हणजे चांदबीबी.

इंग्लंडमध्ये तेव्हा शेवटची ट्यूडर, पहिली एलिझाबेथ, राज्य करत होती, म्हणजे काळ जुळवायचा तर आपली ट्यूडरकालीन राणी चांदबीबी. १५८० मध्ये ती विधवा झाली, लहानग्या पुतण्याच्या नावानं तिनं विजापूर सांभाळलं, एका कारभाऱ्यानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं, ती सुटली आणि पुढे माहेरी येऊन १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगर लढवलं. १६०० मध्ये दुसऱ्या वेढ्यात ती आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथं एवढंच.

एक मात्र सांगतो. आपल्या भाषेत 'हुंडा' आणि 'आंदण' वेगळे आहेत. हुंडा वराकडच्यांना रोख. आंदण म्हणजे मुलीबरोबर पाठवायची भांडीकुंडी, गाईगुरं, माणसं, जमीन. मुंबईला मराठीत 'आंदण दिली' म्हणतात, ते या अर्थानं बरोबर आहे. पण आंदणात मुलीच्या सुखाचा विचार असतो, असं आपण धरून चालतो. चांदबीबीच्या सोलापुरावर आणि कॅथरीनच्या मुंबईवर त्या दोघींचा हक्क कोणी विचारातही घेतला नव्हता. कॅथरीनची मुंबई चार्ल्सनं १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांच्या खंडानं देऊन टाकली.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणत, की आंदणात खरं तर ठाणंही लिहिलं होतं, पोर्तुगीजांनी ते दाबून ठेवलं. यात तथ्य किती? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आजोबांनी ऐकलं ते हवेतलं नव्हतं. लंडनमध्ये इंग्रजांचा हाच दावा होता.

तहात शब्द होते मुंबईचं बेट आणि बंदर, त्याच्याशी जोडलेल्या हक्कांसह. 'जोडलेलं' म्हणजे कुठवर? इंग्रज म्हणत, आम्हाला दाखवलेल्या नकाशात शेजारचं साष्टी बेट आणि ठाणंही मुंबईबरोबर होतं. पोर्तुगीज म्हणत, मुंबई म्हणजे मुंबई. साष्टीवर वसईची सत्ता चाले, १५३४ पासून. आणि साष्टी हे पोर्तुगीजांचं धान्याचं कोठार होतं. भातशेती, ताडामाडाचं उत्पन्न, जुनी बंदरं, चर्चची वतनं तिथं होती. मासुंदा तलावाच्या काठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आपण रोज पाहतो, ते त्याच काळाचं नाव चालवतं. त्यामानानं मुंबई बेट चिखलाचं आणि दलदलीचं. ते देऊन ठाणं राखणं यात पोर्तुगीजांची व्यवहारी नजर होती.

पूर्वेकडचा शेजारही लक्षात घ्या. खाडीपलीकडचं कल्याण-भिवंडी ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं होतं आणि तिथं मराठी आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली होती. १६६१ मध्ये, लंडनला तह होत होता त्याच वर्षी, शाहिस्तेखानाच्या फौजेनं कल्याण घेतलं. म्हणजे ठाण्याच्या एका अंगाला इंग्रज येऊ घातलेले, दुसऱ्या अंगाला मराठे आणि मोगल झुंजत होते. अशा वेळी कोणी ठाण्याची किल्ली हातची सोडेल?

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रज आरमार मुंबईसमोर आलं. त्याच ताफ्यातून नवे पोर्तुगीज अधिकारी आंतोनिओ दे मेलो ए कास्त्रो आले होते आणि त्यांनीच ताबा द्यायला नकार दिला. कागदपत्रांत खोट काढली. ठाणं-साष्टी तर सोडाच, मुंबईसुद्धा मिळेना. मुंबईचा गव्हर्नर व्हायला आलेला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे सैनिकांसह अडकला. सुरतेच्या इंग्रज वखारीनं मोगलांच्या भीतीनं त्यांना येऊ दिलं नाही. शेवटी कारवारजवळच्या अंजदीव या ओसाड बेटावर त्यांनी तळ टाकला आणि तिथं ताप, हगवण, उपासमार यांनी माणसं पटापट मेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. कॅथरीनच्या लग्नाची ही किंमत कोणत्या तहात लिहिलेली नाही.

उरलेल्यांच्या वतीनं शिपमनच्या चिटणिसानं, हम्फ्री कुकनं, जानेवारी १६६५ मध्ये पणजीला पोर्तुगीजांच्या अटींवर सही केली. मुंबईखेरीज काहीही मागायचं नाही. वांद्र्याहून, साष्टीहून येणाऱ्या पोर्तुगीज होड्यांना अडवायचं नाही, जकात घ्यायची नाही. चार्ल्सला या अटी मुळीच आवडल्या नाहीत, पण ताबा मिळाला. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी कुकनं बेटावरून चालत जाऊन माती आणि दगड हातात घेतले, बुरुजावर फेरी मारली आणि मुंबई इंग्रजांची झाली. हा सोहळा ज्या घरात झाला ते बेटाची वतनदारीण डोना इग्नेझ दे मिरांडा हिचं. दोन राजांनी आपसात दिल्या-घेतलेल्या बेटाची त्या दिवशीची प्रत्यक्ष मालकीण एक विधवा बाई होती. तिचं वतन कायम ठेवलं गेलं.

कुकबरोबर तोवर शंभरच्या आसपासच माणसं उरली होती. तरी त्यानं लवकरच माहीमही घेतलं. ओहोटीला मुंबईतून माहीमला पायी जाता येतं, तेव्हा ते एकच बेट, हा त्याचा युक्तिवाद. ठाण्याला तो लागू करता येईना, मध्ये खाडी होती. 'शीव' म्हणजे वेस, हद्द. ती तिथंच पडली. आजही मुंबई शहर जिल्हा माहीम-शीवपाशी संपतो आणि वांद्र्यापासूनची दक्षिण साष्टी १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत होती. जिल्ह्याच्या या रेषेमागे तहातल्या एका मोघम शब्दावरची हुज्जत आहे.

पोर्तुगीजांनी मग ठाणं आणि करंजा इथं जकातीची नाकी बसवली. वरघाटाकडचा माल खाडीनं मुंबईला जायचा तर ठाण्याला थांबून कर भरायचा. इंग्रज व्यापारी पुढची कित्येक वर्षं याबद्दल लंडनला कळवळून लिहीत राहिले. लग्नानं जोडलेले दोन देश एका खाडीच्या दोन काठांवर एकमेकांचा माल अडवत बसले होते.

तेव्हा आजोबांना उत्तर असं, की इंग्रजांनी ठाणं मागितलं होतं, पण तहात ते नावानं कुठंच नव्हतं आणि मिळालंही नाही. मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या स्वारीत ते मराठ्यांनी घेतलं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला तेव्हा अपुराच होता. मराठ्यांकडून तो इंग्रजांनी तोफा डागून घेतला, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, आणि सालबाईच्या तहानं १७८२ मध्ये त्यावर शिक्का बसला. पुढे त्या किल्ल्याचा तुरुंग झाला, तेच आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला.

ठाणं इंग्रजांच्या हाती गेलं त्या डिसेंबरात कॅथरीन लिस्बनमध्ये वारल्याला ६९ वर्षं होत आली होती.